तठे काय शे?
वाचकांचे प्रश्न, भुसावळच्या निवृत्त रेल्वे गार्डची उत्तरं

गेल्या अंकात एकाने सहज विचारलं होतं, पैसे खर्चून जाऊ नये अशी शहरं कोणती? त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेतलाच नाही.

प्रश्न : गार्डसाहेब, मी धुळ्याचा निवृत्त शिक्षक. मुलगा ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आहे. आम्हा दोघांना त्याने तीन महिन्यांसाठी बोलावलंय. इथे जो तो म्हणतो, सिडनीला जा, कॅनबेरा म्हणजे एकदम रटाळ गाव. तिकडे जाऊन आलेले प्रवासीही इंटरनेटवर तेच लिहितात. खरंच एवढं कंटाळवाणं आहे का? आणि जगात अशी बदनाम शहरं आणखी कोणती? (एक वाचक, धुळे)

उत्तर : सर, बदनामी जुनी आहे आणि अगदीच बिनबुडाची नाही. प्रवाशांच्या तोंडून पुन्हा पुन्हा येणारी नावं बघा : कॅनबेरा, कॅनडातलं ओटावा, बेल्जियमचं ब्रुसेल्स, ब्राझीलचं ब्राझिलिया, म्यानमारचं नेपिडो. सगळ्या राजधान्या. त्यातही ब्रुसेल्स सोडलं तर बाकीच्या कुठलं तरी भांडण मिटवायला किंवा सरकारच्या सोयीने ठरवलेल्या. कॅनबेराचंच बघा. सिडनी ऐकेना, मेलबर्न ऐकेना, म्हणून मधे मोकळं रान शोधलं आणि नकाशाची स्पर्धा लावली. १९१२ मध्ये निकाल लागला, शिकागोचे वॉल्टर बर्ली ग्रिफिन जिंकले. नकाशे देखणे रंगवले होते त्यांच्या बायकोने, मॅरियनने. गावातल्या मोठ्या तळ्याला नाव मात्र नवऱ्याचं. असो. ओटावाची कथा तशीच. टोरंटो, मॉन्ट्रियल, क्वेबेक, किंग्स्टन एकमेकांना घासत होते, तेव्हा १८५७ मध्ये व्हिक्टोरिया राणीने लाकूडतोड्यांच्या त्या गावावर बोट ठेवलं. नेपिडोला वीस पदरी रस्ता आहे. वाहनं हवीत ना त्यावर!

अशा गावात साहेबलोक पाच वाजता घरी गेले की रस्ता ओस पडतो. आणि कंटाळा आला म्हणून लिहिणारा प्रवासी बहुधा मीटिंगला आलेला असतो. विमानतळ, हॉटेल, सभागृह, पुन्हा हॉटेल. रात्री आठला भूक लागून खाली उतरतो तर सगळं बंद. ब्रुसेल्सचं गाऱ्हाणं थोडं निराळं आहे. तिथे लोक तो लघवी करणारा पोरगा बघायला जातात. पुतळा जेमतेम दोन फुटांचा, वर मूळचा म्युझियममध्ये आणि कोपऱ्यावर नक्कल. मग चिडणारच. पण पाच मिनिटांवरचा ग्रां प्लास चौक संध्याकाळी दिवे लागल्यावर बघितला की ब्रुसेल्सला कंटाळवाणं म्हणायची माझी छाती होत नाही. आमच्या ग्रुप टूरच्या मॅनेजरने तिथे अर्धा तास दिला होता आणि चॉकलेटच्या दुकानात दीड.

आता कॅनबेरा. माझी पुतणी तिथे असते, त्यामुळे राहून आलोय. ताप गावाचा नाही, दुपारचा आहे. मुलं कामाला जातात. तुम्ही दोघं घरात. बाहेर बघावं तर रस्ता स्वच्छ, झाडं सुंदर आणि माणूस नाही. भाजीवाला ओरडत नाही, भंगारवाला येत नाही, शेजारीण वाटी घेऊन येत नाही. आईवडील तिथे कंटाळतात ते यामुळे, आणि मग फोनवर सगळ्यांना सांगतात की गाव वाईट. म्हणून पहिल्याच आठवड्यात बसचं कार्ड काढून घ्या आणि मुलावाचून फिरायला शिका. संसदेची इमारत १९८८ ची, तिच्या छपरावर हिरवळीची टेकडीच आहे. वॉर मेमोरियलला रोज संध्याकाळी, बंद व्हायच्या वेळी, धारातीर्थी पडलेल्या एका सैनिकाची हकिगत वाचतात आणि बिगूल वाजतो. रोज वेगळं नाव. मी पुतणीला सांगून पुन्हा गेलो होतो. अंधार पडायच्या सुमाराला टेकड्यांच्या पायथ्याशी जा. कांगारू चरत असतात, पोतडीत पिल्लू, कान तेवढे आपल्याकडे वळवतात.

एक गोष्ट मात्र ऐका, जून-जुलैत जाऊ नका. तिकडचा तो हिवाळा. पहाटे गाडीच्या काचेवर बर्फ खरवडावं लागतं आणि धुळ्याच्या उन्हात वाढलेली हाडं तिथे बोलायला लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलांचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा जा. सिडनी बसने तीन-साडेतीन तासांवर आहे, तीही होईल.

आणि सर, आखलेल्या गावाला धुळेकराने का घाबरावं? १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला, मग कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला ठाणं केलं आणि नवी पेठ सरळ रेषेत आखली. म्हणून तर तुम्ही पत्ता सांगता, गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. ज्या पाहुण्याची त्या गल्ल्यांत ओळख नाही, त्याला विचारा धुळं कसं वाटलं. राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर दाखवायला कोणी बरोबर नसेल तर तो दुपारच्या गाडीने परत जातो.

प्रश्न : दादा, लेकीच्या सासरची मंडळी पुण्याहून आली होती. अजिंठा पाहिला, मग दीड दिवस घरात बसून. निघताना विहीणबाई म्हणाल्या, "सगळं छान झालं, पण जळगावात बघायला तसं काही नाही हो." मला फार लागलं. दिवाळीनंतर पुन्हा येणार आहेत. काय दाखवू? (एक वाचक भगिनी, जळगाव)

उत्तर : ताई, लावून घेऊ नका, विहीणबाई खोटं बोलल्या नाहीत. जळगाव ही बाजाराची पेठ. केळी, कापूस, सोनं. इथे माणूस काम घेऊन येतो. सराफ बाजार दाखवायला मात्र नेऊ नका, खर्च तुमचाच होईल.

दिवाळीनंतर येताहेत हे उत्तम, कारण भरताची वांगी तेव्हाच. त्यांना हॉटेलात भरीत खायला घालू नका. ओळखीच्या कोणाचं शेत गाठा, बामणोदकडची हिरवी-पांढरी मोठी वांगी आणवा आणि संध्याकाळी शेतातच बेत करा. वाळलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, रचायच्या, वर वांगी, आणि पेटवून द्यायचं. जाळ धडधडतो, पाहुणे मागे सरकतात. सालं काळी ठिक्कर झाली की हाताला चटके बसत सोलायची. हे काम व्याह्यांना द्या, पुण्याची माणसं रमतात त्यात. मग लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायचं, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेलाची फोडणी. तेलाला हात आखडू नका. बरोबर कळण्याच्या पुऱ्या. विहीणबाई दुसऱ्या दिवशी "बघायला काय आहे" हे विचारणार नाहीत, "उरलंय का" विचारतील.

तरी दिवस उरला तर सकाळी जैन हिल्सवर गांधीतीर्थ, आणि वाटलं तर आसोद्याला बहिणाबाईंच्या माहेरी चक्कर. पण माझं मत विचाराल तर मंडळींना गाडीत बसवून चाळीसगावला न्या. दीड-दोन तासांचा रस्ता. स्टेशनजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. हा पारशी माणूस मुंबई, इंग्लंड सगळं सोडून चाळीसगावला येऊन राहिला आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर फारसा पडलाच नाही. १९८९ मध्ये गेले. घरातल्याच भाकरी, कांदे, काचेच्या बाटल्या टेबलावर मांडून त्यांनी असे फोटो काढले की देशोदेशीची बक्षिसं आली. मुंबईला ज्या मुलीवर जीव होता ती पंजाब मेलने येईल म्हणून रोज त्या गाडीच्या वेळी दिवे लावून, फुलं सजवून, दोन ताटं मांडून बसत, असं सांगतात. खरं किती, खोटं किती, देव जाणे. आम्ही गार्डमंडळी मात्र चाळीसगावला मेल लेट झाली की एकमेकांत म्हणायचो, "चला, मूससाहेब बसले असतील ताट मांडून."

सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात, तेवढं तारखा ठरवताना बघा.

प्रश्न : ओंकारेश्वरला जाता-येता खंडव्याला चार-पाच तास काढावे लागतात. बाकड्यावर बसून जीव जातो. तुम्ही नोकरीत असे तास कसे काढलेत? (एक वाचक, रावेर)

उत्तर : भाऊ, आमची नोकरीच ती. गाडी नेऊन सोडायची, लॉबीत सही करायची आणि परतीची गाडी मिळेपर्यंत रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीच्या खोलीत, पडायचं. इगतपुरी, बडनेरा, खंडवा. डाळ-तांदूळ घरून न्यायचे, स्वयंपाक्याला द्यायचे, जेवायचं, झोपायचं. निम्मे सोबती निवृत्त होईपर्यंत बडनेऱ्याला स्टेशनापलीकडे गेले नाहीत आणि बडनेरा भंगार गाव आहे असं ठणकावून सांगतात. तिथून अमरावती दहा किलोमीटरवर!

खंडव्याला बाकडं सोडा, रिक्षा करा आणि किशोरकुमारांच्या समाधीवर जा. त्यांचा जन्म तिथलाच, आणि १९८७ मध्ये मुंबईत गेल्यावर अंत्यसंस्कारही त्यांच्या इच्छेप्रमाणे खंडव्याला झाले. चार ऑगस्टला, म्हणजे वाढदिवसाला गेलात तर समाधीवर दूध-जिलेबीचा नैवेद्य आणि दिवसभर गाणी. एरवी शांत. येताना बाजारातून गरम जिलेबी घ्या, गाडीला वेळ उरतोच.

भुसावळला अडकलात तर काय करायचं हे विचारलं नाहीत, बरं केलंत. आमच्या गावाला फिरायला या असं मी कोणाला म्हणत नाही. घरी जेवायला या म्हणतो.

प्रश्न : आडवळण न घेता एकच नाव सांगा. तुमच्या मते सर्वांत कंटाळवाणं शहर? (एक वाचक, शहादा)

उत्तर : गांधीनगर. गुजरातने १९७० मध्ये राजधानी तिथे नेली. सेक्टरमागून सेक्टर, सारखे चौक, दोन्ही बाजूंना झाडं. एका सेक्टरमध्ये नातेवाईक राहतात, त्यांच्याकडून पान खायला निघालो की परतताना कुठलं वळण आपलं ते कळत नाही. अक्षरधाम बघून झालं की अहमदाबादची वाट धरावी. मधे अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, १४९९ ची. पाच मजले जमिनीखाली उतरत जाते आणि भर मे महिन्यात खाली गारवा लागतो. ती चुकवू नका.

गांधीनगरात राहणारे खानदेशी हे वाचून रागावतील. त्यांनी खुशाल पत्र लिहावं, आणि रात्री नऊनंतर तिकडे चालत जाऊन चहा कुठे मिळतो तेही त्यात लिहावं.