पेनड्राइव्ह घेऊन टॉकीजला जाऊ नका

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावात एकच टॉकीज उरलंय, बाकीच्यांच्या जागी कधीच मंगल कार्यालयं आणि कॉम्प्लेक्स झाले. दिवाळीनंतर वडलांची पंचाहत्तरी आहे, त्यांना आणि त्यांच्या मित्रांना त्यांच्या तरुणपणीचा ब्लॅक अँड व्हाईट मराठी सिनेमा त्याच टॉकीजमध्ये दाखवायचाय. मालक म्हणतात रविवार सकाळ देतो, बाकी तुमचं तुम्ही बघा. सिनेमा यूट्यूबवर आहे, पेनड्राइव्हवर नेला तर चालेल का? आणि लोक येतील का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून खरंच छान वाटलं, करा हे, नक्की करा. पण पेनड्राइव्ह नको. यूट्यूबवर आहे म्हणजे आपल्याला दाखवायची परवानगी मिळाली असं होत नाही, घरी सोफ्यावर बसून बघणं वेगळं आणि टॉकीजमध्ये दोन-तीनशे लोकांना दाखवणं वेगळं, मग तिकीट लावा नाहीतर फुकट दाखवा. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट रिलीजनंतर 60 वर्षं असतो, त्यामुळे 1960च्या आसपासचे सिनेमे आता त्या मुदतीच्या बाहेर गेलेत, पण त्यातल्या गाण्यांचे आणि कथेचे हक्क वेगळे मोजतात, म्हणजे लिहिणारा किंवा संगीतकार गेल्यापासून 60 वर्षं, म्हणून सिनेमा जुना आहे एवढ्यावर गृहीत धरून चालू नका. टायटल्समध्ये निर्मात्याचं नाव असतं तिथून सुरुवात करा. बरेचदा हक्क घरच्यांकडे असतात नाहीतर एखाद्या कंपनीने विकत घेतलेले असतात, आणि यूट्यूबवर तो ज्यांच्या अधिकृत चॅनलवर आहे त्यांना मेल केला तरी पुढचा धागा मिळतो. वडलांची पंचाहत्तरी आहे, एकच खेळ आहे, असं सगळं सरळ लिहा आणि परवानगी लेखी घ्या, त्यात तारीख, टॉकीजचं नाव आणि किती खेळ हे पाहिजेच. सोबत सेन्सॉर सर्टिफिकेटची कॉपी मागून घ्या, मालकाला ती लागेल.

मग प्रश्न येतो सिनेमा लावायचा कशावर. पुण्याचं फिल्म अर्काइव्ह 1964 पासून जुन्या सिनेमांच्या प्रिंट, म्हणजे फिल्मची रिळं जपतंय, पण तिथे प्रिंट असली तरी हक्क मूळ मालकाचेच राहतात, आणि आता बहुतेक टॉकीजमध्ये 35 एमएमचं मशीनच राहिलेलं नाही, डिजिटल आलंय. त्यामुळे हक्कवाल्यांना पहिल्याच फोनवर विचारा की थेटरसाठीची डिजिटल कॉपी आहे का. नसेल तर निदान चांगली स्कॅन केलेली फाइल आहे का आणि ती आपल्या टॉकीजच्या सिस्टिमवर चालते का हे ऑपरेटरला विचारा, मालकाला नाही, कारण केबिनमधलं सगळं ऑपरेटरलाच माहीत असतं.

आता जे सांगतेय ते माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही असाच एक खेळ लावला होता, सिनेमा सुरू झाला आणि बघतो तर सगळ्यांचे चेहरे आडवे फुगलेले, कारण जुन्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौकोनी असते आणि मशीनने ती ओढून आजच्या रुंद पडद्याला बसवली होती. मी जिना चढून केबिनमध्ये गेले, सांगितलं, तर चेहरे सरळ झाले पण आता चित्र झूम झालं आणि नायिकेचं कपाळ आणि त्यावरची चंद्रकोरच कापली गेली! शेवटी दोन्ही बाजूंना काळी पट्टी सोडून चित्र मधोमध बसवलं तेव्हा कुठे सिनेमा जसा काढला होता तसा दिसला, तोवर पहिलं गाणं होऊन गेलं होतं आणि पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना तेच गाणं बघायचं होतं. मला अजून त्याची चुटपुट लागून आहे. म्हणून आदल्या रात्री लास्ट शो सुटल्यावर पंधरा मिनिटं ट्रायल घ्याच, ऑपरेटरला चहा पाजा, चारही कडा बघा, आणि आवाज पण ऐका, जुना आवाज मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचा असतो, तो मधल्या स्पीकरमधूनच यायला हवा, सगळीकडून मोठा केला की शब्द घुमतात आणि वयस्कर लोकांना काही कळत नाही.

लोक येतील का? येतील, पण तुम्ही आणले तर. 2022 मध्ये अमिताभ बच्चन 80 वर्षांचे झाले तेव्हा जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने 17 शहरांत त्यांचे जुने सिनेमे थेटरात लावले होते आणि पाठ असलेले सिनेमे बघायला लोक तिकीट काढून गेले, कारण मोठा पडदा आणि सोबत माणसं हे मोबाईलवर मिळत नाही. तुमच्याकडे तर वडलांची सगळी पिढी आहे, ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, जुन्या शाळेची बॅच, यांच्याकडे स्वतः जाऊन सांगा, नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून भागत नाही. मालकाशी लाइट, स्टाफ, जनरेटर सगळं धरून एकच ठोक रक्कम ठरवा, कॅन्टीनची विक्री त्यांना राहू द्या, म्हणजे पुढच्या वेळी तेच फोन करतील. खेळ साडेदहाचा ठेवा, वयस्करांना बाल्कनीत चढवू नका, खालीच बसवा, पायऱ्यांवरचे दिवे चालू ठेवायला सांगा आणि मध्यंतर चांगलं वीस मिनिटांचं करा, बाथरूमला रांग लागते.

प्रश्न : मी मुंबईत शिकायला आलेय. इथे असे खास खेळ कुठे होतात, कळतं कसं?

उत्तर : पहिलं म्हणजे प्रभात चित्र मंडळाची मेंबर हो, 1968 पासून चालू असलेली फिल्म सोसायटी, म्हणजे एकत्र सिनेमे बघणाऱ्यांची संस्था आहे आणि सिनेमा संपल्यावर तिथे जी चर्चा होते ना, ती सोडून जाऊ नकोस, बस पुढची मिळेल. कुलाब्याच्या रीगलवर पण लक्ष ठेव, 1933 चं थेटर आहे, तिथे अधूनमधून रिस्टोर केलेले, म्हणजे खराब झालेलं चित्र आणि आवाज दुरुस्त केलेले जुने सिनेमे दाखवतात. आणि घराजवळ जे सिंगल स्क्रीन असेल त्याच्या बुकिंग खिडकीवर एकदा उभी राहून विचार, सकाळचा खेळ कधी असतो का? खिडकीवरच्या काकांना सगळं माहीत असतं आणि कुणी विचारलं की त्यांना बरं वाटतं.