आधी जगू की आधी लिहू?

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लेखिका व्हायचंय, पण गाठीशी अनुभवच नाही. लिहिलेलं पोकळ वाटतं आणि लिहीत बसले की बाहेरचं जग निसटतंय असं वाटतं. वर्षभर शिक्षण थांबवून फिरू आणि मग लिहू का?

उत्तर : शिक्षण थांबवू नकोस. फिरायला हरकत नाही, सुट्ट्या असतातच. माझी हरकत आहे ती ‘आधी अनुभव, मग लेखन’ या वाटणीला. एखादं भांडण लिहायला घेशील तेव्हाच लक्षात येईल, की आधी गप्प कोण झालं ते आपण पाहिलंच नव्हतं. पुढचं भांडण मग तू नीट बघशील. लिहिलंच नाहीस, तर वर्षभर फिरूनही हाती चार किस्से आणि ढीगभर फोटोच उरतील.

रशियन कथाकार चेखव पेशानं डॉक्टर. १८९० मध्ये तो साखालिन या रशियन कैद्यांच्या बेटावर गेला आणि तिथल्या हजारो कैद्यांची, रहिवाशांची माहिती त्यानं छापील कार्डांवर टिपली. पुस्तक व्हायला पुढे काही वर्षं गेली. नोंद तिथल्या तिथे, लेखन सवडीनं. तूही ही दोन कामं वेगळी ठेव. रोज दहा मिनिटं नोंद कर : कानावर पडलेलं वाक्य जसंच्या तसं, कुणाची लकब, एखादा वास. त्यात सुंदर लिहायचा मोह नको. लेखनाला आठवड्यातल्या दोन वेळा ठरवून टाक. ताजं दुःख नोंदव, पण त्याची लगेच कथा करू नकोस.

आता पोटापाण्याचं. निव्वळ साहित्यावर बहुतेकांचं घर चालत नाही, तेव्हा नोकरी धरूनच चाल. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात होता. पहाटे घड्याळ समोर ठेवून पाव तासाला २५० शब्द लिहायचा (मला हे झेपणार नाही, तुलाही झेपायलाच हवं असं नाही). पण त्याच नोकरीनं त्याला आयर्लंडभर हिंडवलं आणि त्याची पहिली कादंबरी तिथलीच आहे. म्हणून माणसांत नेणारं काम बघ : बातमीदारी, शिकवणं, समाजकार्य, सर्वेक्षण. कॉपीरायटिंग किंवा कंटेंट रायटिंग लेखनाच्या जवळचं वाटतं खरं, पण दिवसभर दुसऱ्यासाठी शब्द जुळवल्यावर संध्याकाळी स्वतःचं लिहायला अनेकांच्यात त्राण उरत नाही. ते घेण्याआधी सुट्टीत एखादी इंटर्नशिप करून स्वतःला जोखून बघ.

सहा महिने असं करून पाहा. तरीही पोकळ वाटलं तर मला पुन्हा लिही, मात्र त्या वेळी सोबत तुझी दोन-तीन पानंही पाठव.