हजेरी घ्या, बाई

पन्नाशी-साठीतली माणसं समोर बसली की हमखास ऐकू येतं, "मॅडम, नाव अगदी ओठांवर असतं, पण येतच नाही. स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नसेल?" या महिन्यात चौघांनी विचारलं. म्हणून एका निवृत्त शिक्षिकेचा अनुभव, त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून, सांगते.

भर बाजारात एका माजी विद्यार्थ्याने वाकून नमस्कार केला आणि बाईंना त्याचं नाव आठवेना. तेव्हापासून त्यांनी लग्नकार्यांना जाणंच सोडलं. त्यांच्या आईला उतारवयात स्मृतिभ्रंश झाला होता. आधी मी त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. थायरॉइड, बी-१२ सगळं ठीक निघालं. भीती मात्र हलली नाही.

तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, "त्या मुलाबद्दल काय आठवतं?"

"सातवी ब. खिडकीजवळचा बाक. गणिताच्या वहीत मागून विमानं काढायचा. वडील एसटीत कंडक्टर."

"आणि नाव?"

"तेच तर नाही ना!"

"बाई, हजेरी घ्या."

त्या क्षणभर बघत राहिल्या. मग पाठ ताठ झाली, डोळे मिटले, बोट हवेतल्या यादीवरून खाली सरकू लागलं. वर्गातल्या त्याच लयीत एकेक नाव येत गेलं. पंधरा-सोळा नावांनंतर बोट थबकलं. त्यांनी एक नाव घेतलं. परत घेतलं. आणि रडू लागल्या.

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच. त्या दिवशी मी हजेरी सुचवली याचं मला आजही समाधान आहे. स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्विंग यांना मी फार मानते. १९६६ साली त्यांनी आणि पर्लस्टोन यांनी मुलांना गटवार शब्दांच्या याद्या दिल्या. नुसतं 'आठवा' म्हटल्यावर जे शब्द आले नाहीत, त्यातले कितीतरी गटाचं नाव सांगताच आले. म्हणजे शब्द मनात होते, सुगावा हवा होता. नावांचं तर असं होणारच. कुणी 'सुतारकाम करतो' म्हटलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास, सगळं डोळ्यांपुढे येतं. 'आडनाव सुतार' म्हटलं तर काहीच येत नाही. नावाला धरून ठेवायला फारसं काही नसतं, आणि वयाबरोबर तेच आधी अडतं.

म्हणून नाव अडलं तर त्याच्याशी झोंबू नका. तो माणूस कुठे भेटायचा, सोबत कोण असायचं, तिथे मनाने जाऊन या. तरी नाहीच आलं तर सरळ विचारा, मोठ्याने उच्चारा आणि संध्याकाळी न बघता पुन्हा आठवून पाहा. नुसतं वाचण्यापेक्षा स्वतः आठवून काढलेलं जास्त टिकतं. मात्र रोजची वाट चुकणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारणं, सरावाचा स्वयंपाक किंवा हिशेब न जमणं असं काही दिसलं तर माझ्याकडे नको, आधी डॉक्टरांकडे जा.

मार्चमध्ये बाई एका लग्नाला गेल्या. एकजण पाया पडला, तेव्हा त्यांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कुठल्या बाकावर बसायचास रे?"