धार लावणे, पाजवणे की नुसतं घासणे?

प्रश्न असा आलाय की इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातल्या जुन्या चाकू कारागिरांवरच्या डॉक्युमेंटरीची मराठी सबटायटल्स करताना 'ग्राइंडिंग'ला काय लिहायचं, 'धार लावणे' की 'पाजवणे', आणि ते भलंमोठं दगडी चाक म्हणजे 'जातं' चालेल का.

जातं आधी बाद करा. जातं दोन दगडांमध्ये दाणा भरडतं, इथे एकच दगड उभा फिरतोय आणि त्याच्या कडेवर पोलाद झिजतंय. 'सहाण' पण नको, ती वाचली की आपल्याला देवघर आणि चंदनच दिसतं. संस्कृतात धारेच्या दगडाला शाण आहे, शाणोल्लीढ म्हणजे शाणेवर घासलेला मणी वगैरे, पण सबटायटलमध्ये ते कोण वाचणार? सरळ 'धारेचं दगडी चाक' लिहा, एकदा चित्र दिसलं की पुढे नुसतं 'दगड' पुरतं.

आता क्रियापद. माझ्या मते गोंधळ इथे होतो, कारण आपण मुंबईकर ज्याला धार लावणं म्हणतो ते म्हणजे सायकल स्टँडवर चढवून पेडल मारत छोट्या चाकावर सुरी टेकवणारा धारवाला, दोन मिनिटांत काम खल्लास, आणि तो फक्त बोथट कड परत तीक्ष्ण करतो. शेफिल्डचा माणूस घडाईतून आलेली जाड, ओबडधोबड पाती घेऊन बसायचा आणि दगडावर दाबून तिचा आकारच काढायचा, म्हणजे पाठ जाड ठेवून कडेकडे पातळ करत न्यायचं. याला 'पाती घासून काढणे' म्हणा. शेवटी जी बारीक कड येते तिथेच 'धार लावणे' लिहा. 'पाजवणे' हा सुंदर शब्द आहे, कोयता, विळा, कुऱ्हाड पाजवतात, पण तोही तयार हत्याराचा, अर्धवट पातीचा नाही. (आणि प्लीज 'पाजळणे' नको, तो दिवा पाजळण्यातला, आणि हल्ली उरलाय तो अक्कल पाजळण्यापुरता.) 'धार काढणे' पण ऐकू येतं सुरीसाठी, चूक म्हणणार नाही मी, पण सबटायटलमध्ये लोकांना म्हैस आठवेल.

'पाणी' या शब्दाला मात्र जपा, खरी गंमत तिथे आहे. लोहार तापलेलं पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करतो त्याला आपण 'पाणी देणे' म्हणतो. पाती दगडावर कोरडी घासली तर घर्षणाने तापते, कड निळसर पडली की समजा ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली, म्हणजे कडकपणा गेला, आपल्या भाषेत 'पाणी उतरलं'. म्हणून दगडाचा खालचा भाग पाण्याच्या कुंडीत फिरायचा. तर एक पाणी कुंडीतलं आणि एक पातीतलं, दोन्ही एकाच वाक्यात आली तर वाचणारा गडबडेल, तेव्हा कुंडीतल्याला 'ओला दगड' लिहून मोकळे व्हा. ओल्या-सुक्याचा फरक डॉक्युमेंटरीत नक्की येईल, कारण काटे (जेवायचे) आणि सुया सुक्या दगडावर घासायचे, वाळूच्या दगडाची धूळ फुप्फुसात जायची, आणि काटेवाले कारागीर कित्येकदा तिशीतच मरायचे. आज त्याला सिलिकोसिस म्हणतात.

आणि हो, तिथे 'ग्राइंडर' हा शब्द माणसाला लावलेला असतो. आपल्याकडे ग्राइंडर म्हटलं की चटणी. 'ग्राइंडर तरुण वयातच मरत' असं छापून आलं तर लोक हसतील, विषय हसण्याचा नाहीये. मी 'घासकामगार' वगैरे नवे शब्द पाडणार नाही, 'दगडावर बसणारे कारागीर' लिहीन, कारण ते खरंच चाकामागे लाकडी घोडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसायचे. फ्रान्सच्या तिएर गावात मात्र चाकावरच्या फळीवर पालथे झोपून घासायचे आणि थंडीत पायांवर कुत्रा झोपवायचे, तो सीन आला तर 'बसणारे' चालणार नाही, बघून लिहा.

शेफिल्डमधला शेफर्ड व्हील हा पाणचक्कीवर चालणारा कारखाना अजून उभा आहे, त्याची नोंद १५८४ पासून सापडते. तिथे 'व्हील' म्हणजे अख्खा कारखाना, तेव्हा 'मेंढपाळाचं चाक' करू नका, नाव आहे तसंच ठेवा.

दगड गुळगुळीत झाला की त्याला परत खरबरीत करतात, त्याला इंग्रजीत काहीही म्हणू देत, आपल्याकडे शब्द तयार आहे: टाकी लावणे. चाळीत पाटा-वरवंट्याला टाकी लावायला बायका यायच्या, तोच. 'शिकलगार' मात्र मोहात पडून वापरू नका. अरबी सैकलवरून आलेली 'शिकल' म्हणजे झिलई, शिकलगार मुळात हत्यारं उजळवणारा, त्यामुळे पाती घासून झाल्यावर चमकवण्याचा भाग आला तर 'शिकल करणे' लिहा, तिथे तो एकदम फिट बसतो.