नावांची तीन पानं अर्ध्या पानात बसव

प्रिय,

अमेरिकेने पश्चिमेच्या जमिनीवर करायच्या ठरवलेल्या नव्या राज्यांवरचं तुझं प्रकरण वाचलं. चेरोनेसस, पॉलिपोटेमिया, असेनिसिपिया... तीन पानं नावांवरच गेली की! मीही तुझ्या वयात हसलो होतो. मेट्रोपोटेमिया तर मला खोकल्याच्या औषधाचं नाव वाटलं होतं. पण ते सगळं अर्ध्या पानात आटप. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनच्या समितीने अमेरिकन काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, १ मार्च १७८४ च्या अहवालात सुचवलेली या राज्यांची ही दहाही नावं २२ मार्चच्या सुधारित अहवालातच गळली.

त्यापेक्षा नकाशा समोर घेऊन बस, आणि समितीने सुचवलेल्या सीमा आख. दर दोन अक्षांशांना एक आडवी रेघ मार, आणि ओहायो नदीच्या धबधब्यातून, म्हणजे आजच्या लुइव्हिलपाशी, एक उभी. आपल्याकडे दोन शेतांमधला बांधसुद्धा ओढा बघून वळतो. इथे नद्या कापल्या गेल्या, आणि शॉनी, मायामी या मूळ जमातींचे लोक त्या जमिनीवर राहत होते ते या रेघांना दिसलेच नाहीत. हे तुझ्या प्रकरणात एका ओळीतही नाही.

काँग्रेसमधल्या जेम्स मन्रोचा भाग बरा जमलाय. जेफरसनने राज्यांना नावं ठेवली, मन्रोने जमिनीला! मिशिगन आणि ईरी सरोवरांजवळची जमीन अगदी निकस, इलिनॉयच्या माळावर युगानुयुगं झुडूपही उगवणार नाही, असं त्याने १७८६ मध्ये जेफरसनला कळवलं. आज तिथे मैलोगणती मका उभा असतो. पण राज्यं कमी आणि मोठी असावीत हा त्याच्यासारख्यांचा आग्रह चालला, आणि १७८७ च्या वटहुकुमात ओहायोच्या उत्तरेला तीन ते पाच राज्यांची सोय झाली.

मला खटकलं ते वेगळंच. समितीच्या अहवालात एक कलम होतं: १८०० नंतर या नव्या राज्यांत गुलामगिरी नको. त्याला तू तळटीपेत ढकललंस. १९ एप्रिलला त्यावर मतदान झालं. दर राज्याला एक मत; सात राज्यांची मतं हवी होती, मिळाली सहा. जेफरसनचं स्वतःचं व्हर्जिनियाच विरोधात गेलं, त्याच्या सोबतच्या दोघांनी त्याला मतांत हरवलं. न्यू जर्सीचा एक प्रतिनिधी आजारी होता, आणि एकट्याचं मत राज्याचं मत धरत नसत. १७८७ मध्ये बंदी आली, पण फक्त ओहायोच्या उत्तरेला. दक्षिण मोकळीच राहिली.

काँग्रेसच्या कामकाजाच्या नोंदींत तो मतांचा तक्ता आहे. छापून घेऊ नकोस, हाताने उतरव. न्यू जर्सीसमोर एकच नाव येईल. प्रकरण तिथून सुरू कर आणि पुढच्या आठवड्यात पाठव.

तुझे सर