द्राक्षबागायतदारांचे प्रश्न : पाणी कुठे तोडायचे, माती कशी अडवायची

प्रश्न : तीन एकर बाग आहे, अंतर ९ बाय ५ फूट. उन्हाळ्यात बोअरला दिवसाकाठी ३०,००० लिटरच पाणी मिळते. खरड छाटणी (उन्हाळ्यात नवी काडी वाढवण्यासाठीची छाटणी) पूर्ण क्षेत्रावर घ्यावी की एक एकर सोडून द्यावा? (कासेगाव, ता. पंढरपूर)

सोडू नका, छाटणी दोन टप्प्यांत घ्या. आधी हिशेब पाहू. खरड छाटणीनंतर काडी वाढत असताना दर १ मिमी बाष्पीभवनामागे हेक्टरी ४,२०० लिटर, म्हणजे एकरी साधारण १,७०० लिटर पाणी लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाष्पीभवन दिवसाला १० मिमीच्या पुढे सहज जाते. १० मिमी धरले तर एकरी १७,००० लिटर. ९ बाय ५ वर एकरी ९६८ वेली बसतात, म्हणजे वेलीला साडेसतरा लिटर. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील तर सव्वादोन तास मोटर. तीन एकरांना रोज ५१,००० लिटर, आणि तुमच्याकडे आहे ३०,०००.

पण ही गरज सतत राहत नाही. छाटणीनंतर साधारण ३१ ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यांत, म्हणजे अंकुरांत, सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या काळात पाणी एक तृतीयांशावर, म्हणजे १ मिमीला हेक्टरी १,४०० लिटरवर आणायचे असते. वेलीला सहा लिटरही पुरत नाहीत असे वाटून इथेच अनेक जण हात सैल सोडतात. मग शेंडा धावत राहतो, काडी सगळा जोर वाढीत घालते आणि ऑक्टोबरात घडाऐवजी बाळी (वेलीचा आधाराचा तंतू) निघते.

म्हणून दीड एकर २५ मार्चच्या सुमारास छाटा, उरलेला २० एप्रिलच्या आसपास. दुसरा तुकडा वाढीला लागेपर्यंत पहिल्याचे पाणी कमी करायची वेळ आलेली असते. दुसऱ्याला २५,५०० आणि पहिल्याला ८,५०० मिळून ३४,००० लिटर होतात. वरची तूट आच्छादनाने भरून निघते. शिवाय छाटणीनंतरचे पहिले काही दिवस वेलीवर पानच नसल्याने गरज कमीच असते. दुसरा तुकडा मेपर्यंत मात्र ढकलू नका. त्याची घडनिर्मिती जूनच्या ढगाळ हवेत सापडेल आणि उजेड कमी पडला की डोळे वांझ राहतात.

पाणी तोडताना घड्याळापेक्षा शेंडा पाहा. बाळ्या शेंड्याच्या पुढे ताठ निघाल्या असतील तर पाणी अजून जास्त आहे. बाळ्या मलूल होऊन गळू लागल्या, खालच्या पानांच्या कडा करपल्या, तर तुम्ही अति तोडलेत.

प्रश्न : मुरमाड उताराची जमीन. ओळी उत्तर-दक्षिण आहेत आणि उतारही त्याच दिशेने. प्रत्येक पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांतून पाणी धावते आणि बोद (वेलींच्या ओळीखालचा मातीचा उंच वरंबा) खचतो. (वैराग, ता. बार्शी)

उन्हासाठी ओळी उत्तर-दक्षिण ठेवल्या, ते बरोबरच. आता उतारावर ओळी वळवता येणार नाहीत, तेव्हा ओळींमधले पाणी अडवा. दोन बोदांमधल्या पट्ट्यात आडवे उंचवटे घाला : उंची ६ इंच, बूड ३ ते ४ फूट रुंद, म्हणजे रस्त्यावरच्या गतिरोधकासारखे, फवारणीचा ट्रॅक्टर वरून आरामात जातो. उतार १ टक्का असेल तर दर ३० फुटांवर, २ टक्के असेल तर दर २० फुटांवर. कारण साधे आहे : १ टक्का उतारावर ३० फुटांत पातळी साडेतीन इंचांच्या वर थोडीच उतरते, त्यामुळे ६ इंची उंचवटा मागच्या उंचवट्याच्या बुडापर्यंत पाणी धरतो. ३ टक्क्यांच्या पुढे हे पुरत नाही, ओळीच्या शेवटी दगडी सांडवा हवाच.

शेताच्या खालच्या टोकाला ३ बाय ३ बाय ३ फुटांचा गाळखड्डा घ्या. त्यातला गाळ पावसाळा संपल्यावर पाटीने परत बोदावर. ती तुमचीच सुपीक माती असते.

पावसाच्या तोंडावर पट्ट्यात रोटाव्हेटर फिरवणे हीच खरी चूक. भुसभुशीत झालेली माती पहिल्या जोराच्या सरीत चोपते, वर पापुद्रा धरते, आणि पाणी मुरण्याऐवजी धावते. तण कापा, दोन इंच बूड राहू द्या. जूनमध्ये पट्ट्यात ताग पेरून ४० ते ४५ दिवसांनी, फुलावर येताना कापून तिथेच पसरता येतो. ऑक्टोबर छाटणीच्या (घडांसाठीच्या छाटणीच्या) वेळी मात्र पट्ट्यात हिरवे काही उभे ठेवू नका. खालचा ओलावा डाऊनीला (केवडा या बुरशीजन्य रोगाला) आमंत्रण देतो.

भारी काळ्या जमिनीत हे उंचवटे ३ इंचांपेक्षा उंच घालू नका. पाणी साचून मुळे गुदमरतात.

प्रश्न : स्पेनमध्ये नुसत्या पावसावर द्राक्षे होतात म्हणे. आपल्याकडे का नाही? (सांगोला)

तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, तेव्हा वेल झोपलेली असते. ओल जमिनीत साठते आणि उन्हाळ्यात वापरली जाते. वेली दूर दूर, बुटक्या, उत्पादन थोडे आणि तेही बहुतांशी वाइनसाठी. आपली वेल झोपतच नाही, वर्षाला दोन छाटण्या. पाऊस जून ते सप्टेंबर, घड पोसायचे ते डिसेंबर-जानेवारीत. सोलापूरच्या पावसावर खाण्याची द्राक्षे काढायचा बेत करू नका. त्यातला दूर अंतराचा आणि ओल धरण्याचा भाग तेवढा घ्या.

प्रश्न : बोदावर उसाचे पाचट किती घालावे? युरिया मारावा का? (नान्नज)

तीन फूट रुंद बोदावर ४ इंच थर द्यायला एकरी ४ ते ५ टन लागते. म्हणजे एक-दीड एकर उसाचे पाचट. युरिया अजिबात नको. टनाला ८ किलो युरियाची शिफारस उसाच्या शेतात पाचट कुजवण्यासाठी आहे. इथे ते जितके उशिरा कुजेल तितके चांगले. खोडाभोवती अर्धा फूट जागा मोकळी ठेवा, वाळवी आली तर लगेच दिसते. ठिबकची नळी पाचटाखाली गाडू नका, उंदीर कुरतडतात आणि बंद पडलेला ड्रिपर महिनाभर कळत नाही. तारेला एक-दीड फुटावर बांधा, थेंब डोळ्यांसमोर पडायला हवा.