घरभेटीला नव्याने जाणाऱ्या नर्सताईंना

नवी मुंबईतल्या दिघा-तुर्भ्याच्या वस्तीत भेटीला गेलात की आधी घरात कोण कोणत्या वयाचं आहे ते बघा. लहान मूल असेल तर लसीकरणाचं कार्ड मागा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत. नेमका तोच राहतो, कुटुंब गावी गेलेलं असतं. गरोदर बाईच्या हातात लोहाच्या १८० गोळ्या नुसत्या ठेवू नका. चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळी होईल हेही आधीच सांगा, नाहीतर घाबरून पाकीट फळीवर पडून राहतं. तिशीपुढच्यांचा बीपी जिना चढून आल्याआल्या मोजू नका. ५ मिनिटं बसवा, पाठ टेकवा, हात हृदयाच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर. १४०/९० च्या वर आला तर थोड्या वेळाने परत मोजा, मगच दवाखान्यात पाठवा.